आधी चावी काढून खिशात टाक

भाचेबुवा, थार घेतलीस, पेढे पोचले, आनंद वाटला. पहिल्या पावसात तू ती कुठल्यातरी नाल्यात घालणार, हे तुझ्या आईला ठाऊक आहे आणि मलाही. ‘दादा, त्याला जरा समजावून सांग,’ असा तिचा फोन येऊन गेला. समजावून कोणी थांबत असतं तर गॅरेजवाल्यांची पोटं भरली नसती. त्यापेक्षा गाडी पाण्यातून काढायची कशी आणि काढल्यावर तिचं करायचं काय, हेच लिहून देतो. यातलं निम्मं माझ्या उस्तादांचं आहे, उरलेलं गॅरेजात आलेल्या गाड्यांनी शिकवलेलं.

सगळ्याचं सार आधीच सांगतो. पाण्यात शिरलेल्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा पाण्यात जात नाही, काठावर आल्यावर जातं. पाणी मागं राहिलेलं असतं, चार पोरं मोबाईल काढून उभी असतात, मालकाला लाज वाटत असते, आणि तो सेल्फ मारतो. पाण्यानं तोवर जे केलेलं नसतं, ते तो एक सेल्फ करतो.

आपल्याकडचं पाणी ओळख

खाम, सुखना, शिवना, गिरिजा, अंजना या आपल्या नद्या वर्षाचा बराच काळ नुसत्या दगडगोट्यांच्या असतात. त्यामुळे पाण्याचा अंदाज घ्यायची सवयच आपल्या माणसाला नसते. काल बैलगाडी गेलेली फरशी आज दिसत नाही, तरी तो म्हणतो, ‘रोजचा तर रस्ता आहे.’ डोंगरावर खाली काळा कातळ आणि वर वीतभर माती. तासभर जोराचा पाऊस झाला की पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. तू उभा असतोस तिथं ऊन पडलेलं असतं आणि ओढा मात्र चढत असतो.

३१ ऑगस्ट २०२१च्या पहाटे कन्नड घाटात दरडी कोसळल्या, वाहनं अडकली आणि घाटाखाली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत जायकवाडीचे दरवाजे उघडले तेव्हा पैठणपासून खाली गोदाकाठाची काय दशा झाली, ते तू पाहिलंस. असलं पाणी कुठल्याही गाडीच्या आवाक्यातलं नसतं, मग ती फोर बाय फोर असो की ट्रॅक्टर.

हिशेब साधा आहे. गाडीचा तळ तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धर. त्या तळावर चढलेलं दर १० सेंटिमीटर पाणी गाडीला ४५० किलोनं वर उचलतं. म्हणजे तुझ्या पावणेदोन टनांच्या आसपासच्या गाडीचा चाकावरचा भार बघता बघता निम्मा होतो, टायरची पकड सुटते आणि बाजूनं येणारं पाणी तिला ढकलायला लागतं. फूटभर वाहतं पाणी लहान कार नेतं. दोन फुटांचं वाहतं पाणी तुझी थारही नेईल. म्हणून पहिला नेम हा: फरशीपुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी मागे घ्यायची, गावात जाऊन चहा प्यायचा आणि पाणी उतरायची वाट पाहायची. यापुढचं सगळं साचलेल्या, संथ पाण्याबद्दल आहे.

गाडी घालायचीच नाही अशा आणखी दोन जागा सांगून ठेवतो. गौताळा हे अभयारण्य आहे. तिथल्या नाल्यात गाडी घालून व्हिडिओ काढायचे नसतात. दुसरी जागा जायकवाडीच्या नाथसागराच्या काठची गाळपेर. पाणी ओसरल्यावर ती जमीन वरून तडकलेली, कोरडी दिसते, पण पापुद्र्याखाली लोण्यासारखा गाळ असतो. गाडी एकदा पोटापर्यंत बसली की तुझी चारही चाकं नुसती फिरत राहतात, आणि मागून पाणी वाढलं तर ती हलवायला वेळही मिळत नाही.

कंपनीचा आकडा स्वतःच्या पायावर मोज

तुझ्या थारला कंपनीनं ६५० मिलिमीटर पाणी सांगितलंय. गुरखा गाडीला स्नॉर्केलसह, म्हणजे हवा उंचावरून ओढणाऱ्या नळीसह, ७००. आकडा पाठ करून उपयोग नाही. टेप घे आणि स्वतःच्या पायावर खूण कर. ६५० म्हणजे गुडघ्याच्या वर, मांडीच्या खालच्या भागापर्यंत. आता पाण्यात उतरून चालत जाशील तेव्हा तो आकडा तुला कळेल. पाणी त्या खुणेला लागलं की परत फिरायचं.

तो आकडासुद्धा संथ पाण्याचा आणि हळू चालणाऱ्या गाडीचा असतो. जोरात शिरलास तर पुढच्या बंपरवर पाण्याचा ढीग उभा राहतो आणि बॉनेटवर येतो. कमी पाण्यात वेगानं घातलेली गाडी जास्त पाण्यात हळू नेलेल्या गाडीइतकंच पाणी आत घेऊ शकते. समोरून ट्रक किंवा ट्रॅक्टर येत असेल तर त्याची लाटही तुझ्याच बॉनेटवर येणार, म्हणून त्याला आधी जाऊ दे.

चालत जाताना हातात काठी हवी. पाणी किती खोल आहे एवढंच बघू नकोस, तळ कसा आहे तेही बघ. मुरूम असेल तर ठीक, काळी माती असेल तर जपून, आणि काठी आत जातच राहिली तर नकोच.

गाडी हवा कुठून ओढते ते माहीत करून घे

डिझेल असो की पेट्रोल, इंजिन हवा ओढतं. ती ओढायचं तोंड कुठल्या उंचीवर आहे, यावरच सगळं ठरतं. काही गाड्यांत ते हेडलाइटच्या मागे असतं, काहींत मडगार्डच्या आत, काहींत बॉनेटच्या पट्टीखाली. बॉनेट उघड, एअर फिल्टरचा डबा शोध, त्याला जोडलेला पाइप पुढे कुठं संपतो ते बोटानं धुंडाळ. तो जिथं संपतो ती तुझ्या गाडीची खरी पाणीपातळी.

स्नॉर्केल लावलास म्हणून गाडी होडी होत नाही. स्नॉर्केलचा जोड मडगार्डच्या आत कुठं तरी असतो. तो क्लिप आवळून, सील लावून बसवलेला नसेल, तर वर तीन फुटांवर तोंड ठेवून गाडी खालच्या फटीतून पाणी ओढते. जोड पक्का झालाय की नाही हे बघायची जुनी रीत अशी: इंजिन चालू ठेवून स्नॉर्केलचं तोंड हातानं पूर्ण झाकायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं तर जोड पक्का. चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, आणि उद्या पाणीही तिथूनच येईल.

जुन्या आणि नव्या गाड्यांतला एक फरक इथंच समजून घे. जुन्या विलीज जातीच्या पेट्रोल जीपमध्ये पाणी उडालं की आधी डिस्ट्रिब्युटर ओला व्हायचा, ठिणगी मरायची आणि इंजिन बंद पडायचं. लोक वैतागायचे, पण त्या खोडीनंच इंजिन वाचायचं, कारण हवेच्या तोंडापर्यंत पाणी पोचायच्या आत गाडी थांबलेली असायची. कापडानं पुसून, वाळवून ती पुन्हा सुरू व्हायची. पुढे डिझेल जीप आल्या. त्यांना ठिणगी लागत नाही, त्यामुळे त्या पाण्यातही चालत राहायच्या. ‘डिझेलला पाणी चालतं’ ही समजूत तिथून आली. पण तसं चालत राहणारं इंजिन थेट हवेच्या तोंडातून पाणी गिळेपर्यंत थांबत नाही, आणि गिळलं की मोडतं. तुझ्या गाडीत तर दोन्ही भीती आहेत. हवेचं तोंड आहेच, शिवाय कॉम्प्युटर आणि सेन्सर आहेत.

पाण्यात असताना

लांबून गाडी तापवत आणली असेल तर काठावर दहा मिनिटं थांब. तापलेले ॲक्सल एकदम गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा खेळायच्या भोकातून, आणि सीलवरून पाणी आत ओढलं जातं. हे पाणी दिसत नाही, महिन्यांनी बेअरिंग आवाज करायला लागतं तेव्हा कळतं.

फोर बाय फोर लो घाल, पहिला किंवा दुसरा गिअर टाक. आत शिरताना हळू, शिरल्यावर माणूस चालेल त्या चालीनं, एकाच रेसवर. मध्ये क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, रेस सोडायची नाही. पुढे जी छोटी लाट सरकत असते तिच्या मागं बॉनेटपाशी पाणी थोडं खाली असतं. त्या लाटेला गाठायचं नाही आणि सोडायचंही नाही. आम्ही जास्त पाण्यात बंपरपुढे ताडपत्री बांधायचो, म्हणजे रेडिएटरवर पाणी थेट येत नसे. जुन्या गाड्यांत फॅन बेल्टही काढून ठेवायचे, नाहीतर पंख्याची पाती पाण्याच्या जोरानं पुढे वाकतात आणि रेडिएटर फाडतात. तुझ्या गाडीत तो उद्योग स्वतः करू नकोस. बेल्ट एकच असला तर त्यावर पंप, अल्टरनेटर सगळं चालतं.

दरवाजा पाण्यात उघडायचा नाही. काच मात्र उतरवून ठेवायची, वायरिंगनं दगा दिला तर बाहेर पडायला ती लागते.

बंद पडली तर हात मागे

आता मूळ मुद्दा. गाडी पाण्यात बंद पडली. चावी असेल तर काढून खिशात टाक, बटण असेल तर हात मांडीवर ठेव. एकदाही सेल्फ नाही, ‘फक्त बघू’ म्हणूनही नाही.

माझे उस्ताद पाण्यातून ओढून आणलेली गाडी गॅरेजात आली की आधी पोऱ्याला चहाला पाठवायचे. ‘रुको मियाँ, पहले चाय पीते.’ गिऱ्हाईक तळमळत असायचं. त्या चहामागे विचार होता: गाडीला त्या घडीला कुठलीच घाई नसते, घाई मालकाला असते.

का, ते आकड्यानं समजून घे. अडीच हजार सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन धर. एका सिलिंडरच्या वाट्याला ६२५ सीसी. डिझेलमध्ये ही हवा दाबून साधारण अठराव्या हिश्शात बसवतात. पिस्टन अगदी वर आला की त्याच्यावर जी जागा उरते ती फक्त ३७ मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये त्यापेक्षा थोडं जास्त पाणी असलं की पिस्टनला वर यायला जागाच नाही. खालून क्रँक ढकलतोय, वरून पाणी हटत नाही. मध्ये सापडतो कनेक्टिंग रॉड. तो वाकतो, नाहीतर मोडून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. दोन हजार सीसीच्या पेट्रोल इंजिनात, दाब दहापट धरला, तर ही जागा ५५ मिलिलिटरच्या आसपास येते. म्हणजे पेट्रोलला थोडी सवलत मिळते, मुभा नाही.

इंजिन हळू फिरत असताना पाणी शिरलं तर बहुतेकदा ते नुसतं अडकून थांबतं, रॉड वाचतो. याचा अर्थ पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं इंजिन अजून धड असायची चांगली शक्यता असते. ती शक्यता संपवायचं काम सेल्फ करतो.

याहून वाईट आहे धक्का मारून सुरू करणं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गिअरमध्ये ठेवून टोचन करणं. सेल्फच्या मोटरला निदान ताकदीची मर्यादा असते. ट्रॅक्टर पुढून ओढतोय आणि तू गिअर टाकून क्लच सोडलास, तर चाकांवरून येणारा जोर कुठल्याही रॉडला ऐकत नाही. टोचन करायचं तर गिअर न्यूट्रल, फोर बाय फोरचा छोटा दांडाही न्यूट्रल. ऑटोमॅटिक असेल तर चारही चाकं वर उचलून नेणारी गाडीच मागव. दोराजवळ माणसं उभी राहू द्यायची नाहीत.

काठावर काय बघायचं

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोड. मग या क्रमानं बघ.

एअर फिल्टरचा डबा उघड. कागद कोरडा आणि डब्यात पाणी नाही, तर बहुतेक वाचलास. इंजिन वायरिंगच्या ओलीनं बंद पडलं असेल. कागद ओला असेल, किंवा डब्याच्या तळाशी गाळ असेल, तर पाणी आत गेलंय असंच धरून चाल.

मग ऑइलची पट्टी काढ. पातळी आधीपेक्षा वर दिसली, किंवा ऑइल दुधाळ, फेसाळ झालं असेल, तर खालच्या ऑइल चेंबरमध्ये पाणी उतरलंय. ऑइल स्वच्छ दिसलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नकोस. पाणी तळाशी बसतं आणि ऑइल वर तरंगतं. चेंबरचा नट किंचित सैल केलास की आधी पाणी येतं की ऑइल, यावरून खरं कळतं.

टर्बोच्या गाडीत इंटरकूलरचा खालचा पाइप सोडून बघायलाच हवा. फिल्टरमधून आलेलं पाणी तिथं साठून राहतं. सिलिंडर रिकामे केले, फिल्टर नवा घातला, गाडी सुरूही झाली, आणि रस्त्यावर पहिली जोराची रेस देताच इंटरकूलरमधलं पाणी इंजिनात जाऊन रॉड वाकला, असं होतं. मिस्त्रीला हे विचारायचं विसरू नकोस.

यातलं काहीही ओलं निघालं तर गाडी तिथून सुरू होऊन जाणार नाही, ओढूनच जाईल.

पाणी काढायची रीत

हे काम मिस्त्रीनं करायचं, पण तू शेजारी उभा राहायचं. इंधन आधी बंद, पंपाचा फ्यूज काढून. पेट्रोलमध्ये सगळे प्लग काढायचे. डिझेलमध्ये हीटर प्लग काढायचे. जुन्या डिझेलला आम्ही नोझल काढत असू, पण तुझ्या कॉमन रेल इंजिनाच्या डिझेल पाइपांना अनोळखी माणसाचा पाना लागू द्यायचा नाही. त्यात हजार बारहून जास्त दाब असतो आणि केसाएवढा कचरा इंजेक्टर संपवतो.

मग पुलीच्या नटाला सॉकेट लावून इंजिन हातानं फिरवायचं. हातानं का, तर कुठं अडलं तर हाताला कळतं, सेल्फला कळत नाही. दोन फेरे सरळ फिरलं की मगच भोकांवर कापड धरून सेल्फ द्यायचा, एका वेळी दोन-तीन सेकंद. पाणी पिचकारीसारखं उडतं, तोंड वर नेऊन बघायचं नाही. फवारा थांबला की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा हातानं फिरवायचं. हे सगळं त्याच दिवशी. ओल्या सिलिंडरला रात्रभरात गंज धरतो आणि रिंगा चिकटतात.

प्लग बसवायच्या आधी कॉम्प्रेशन मोजून घे आणि चारही आकडे कागदावर लिहून घे. तीन सारखे आणि एक कमी निघाला, तर बहुतेक तिथला रॉड वाकून आखूड झालाय. पिस्टन पूर्ण वर येत नाही. अशी गाडी सुरू होते, चालतेही. म्हणूनच ती फसवते. थोडा पांढरा धूर, थोडी टकटक, आणि काही आठवड्यांनी हायवेवर ब्लॉकला खिडकी. वाकलेला रॉड बदलायचं काम हाफ इंजिनचं असतं. ब्लॉक फुटला की फुल इंजिन. दोन्हींतला फरक तुझ्या गाडीच्या हप्त्यांपेक्षा जड जाईल.

पाणी आत गेलं असेल तर ऑइल आणि फिल्टर बदल, इंजिन दहा-पंधरा मिनिटं संथ चालव, आणि ते ऑइलही काढून टाकून पुन्हा नवं घाल. पहिलं ऑइल धुण्यासाठी असतं, ते महागाचं घ्यायची गरज नाही.

बाकीची तेलं आणि डिझेल

इंजिन कोरडं निघालं म्हणून लोक गाडी धुऊन घरी नेतात. पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, या चारही ठिकाणी ब्रीदर असतात आणि चारही ठिकाणी पाणी जाऊ शकतं. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, न हलवता, थंड असताना बघायची. रात्रभरात पाणी खाली बसलेलं असतं. नट सैल करून पहिले थेंब बोटांत घे. पाणी किंवा पांढरट तेल आलं तर ते सगळं बदल. नेहमीच पाण्यात घालायची हौस असेल तर ब्रीदरना लांब नळ्या लावून त्या बॉनेटखाली उंच आणून घे. स्नॉर्केलच्या आधी हा खर्च कर. फोटोत दिसत नाही म्हणून कोणी करत नाही, एवढंच.

डिझेल टाकीच्या झाकणातून किंवा हवेच्या नळीतून पाणी गेलं असेल तर ते टाकीच्या तळाशी बसतं. वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत काढून बघ; खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर स्पष्ट दिसतात. कॉमन रेलचा पंप आणि इंजेक्टर यांना पाण्याचं वावडं आहे. त्या गाड्यांत डिझेलच पंपाला ओंगण देतं, पाणी ते देऊ शकत नाही.

काळ्या मातीचा त्रास

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की दगड होते. रेडिएटर आणि एसीच्या जाळीत ती शिरली की दोन दिवसांनी घट्ट बसते. मग गाडी गावात नीट चालते आणि दौलताबादच्या चढाला तापते. मालक म्हणतो, पाण्याचा काय संबंध? म्हणून माती ओली असतानाच, पाइपच्या साध्या धारेनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं जाळी धुवायची. प्रेशरच्या फवाऱ्यानं जाळीची पाती आडवी होतात आणि वायरच्या जोडांत पाणी घुसतं.

तीच माती अल्टरनेटरच्या ब्रशमध्ये, सेल्फच्या दातांत, ब्रेक ड्रममध्ये आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये जाते. ब्रेक पाण्यातून निघताच हळू चालत हलके दाबून वाळवायचे. ड्रम मात्र चार दिवसांत उघडून धुऊन घे. गाडी आठवडाभर उभीच राहिली तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, म्हणून रोज एकदा क्लच दाब, थोडी पुढे-मागे कर.

खाम आणि सुखनेत शहराचं सांडपाणीही असतं. त्या पाण्यातून आलेल्या गाडीचे वायरचे जोड स्वच्छ ओढ्याच्या पाण्यापेक्षा लवकर हिरवे पडतात. प्रत्येक जोड सोडायचा, हवा मारायची, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, वाळल्यावरच बसवायचा. गालिचाखाली हात घालून बघ. कंट्रोल युनिटचा डबा सीटखाली किंवा पायांपाशी असेल तर वरचा गालिचा कोरडा दिसूनही खालचा फोम आठवडाभर ओला राहतो. महिन्याभरानं कुठलाही दिवा कधीही लागायला लागतो, त्याचं मूळ तिथं असतं.

विम्याचं आधी, पान्याचं नंतर

२६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्यात बुडालेली गाडी आणि विमा हा विषय मुंबईकरांच्या घराघरांत तेव्हा पोचला. आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना तो माहीत नाही. पुराचं नुकसान साध्या पूर्ण विम्यात येतं, पण पाणी शिरून सेल्फ मारल्यानं मोडलेलं इंजिन कंपन्या सहसा त्यात धरत नाहीत. ते मालकानं ओढवून घेतलेलं नुकसान मानतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. तुझ्या पॉलिसीच्या कागदावर ती आहे का, आणि हौसेनं नाल्यात घातलेल्या गाडीला ती चालते का, हे आजच वाच.

गाडी अडकली तर पाण्यात असतानाच फोटो काढ, पाणी कुठवर आहे ते दिसेल असे. काठावर आल्यावर ओल्या फिल्टरचा फोटो काढ. मग कंपनीला कळव. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत इंजिन खोलायला देऊ नकोस, पण सिलिंडरमधलं पाणी काढून ऑइल सोडायची परवानगी फोनवर माग आणि ती लेखी मेसेजनं घे. नाहीतर सर्व्हेअर येईपर्यंत गंज लागतो, आणि मग गंजाचं कोण देणार यावर वाद.

गाडीत काय ठेवायचं

जाड पट्टा आणि दोन शॅकल, ताडपत्रीचा तुकडा, एक कोरडा एअर फिल्टर, प्लग किंवा हीटर प्लगला बसेल असा सॉकेट, पुलीच्या नटाचा सॉकेट, पाच लिटर इंजिन ऑइल, कॉन्टॅक्ट क्लीनर, जुनी कापडं आणि एक लांब काठी. एकटी गाडी पाण्यात नाही; मागं दुसरी हवी, आणि ती काठावरच थांबायला हवी.

येत्या रविवारी ये. येताना गाडीचं पुस्तक आण. एअर फिल्टरचा डबा, हवेच्या पाइपचं तोंड, इंटरकूलरचा खालचा पाइप आणि चारही ब्रीदर मला बोट ठेवून दाखवायचे. जमलं तर आपण दोघं शिवनेच्या काठी जाऊ, पाणी संथ असेल तर. नाही जमलं तर गाडी माझ्या अंगणात राहील आणि तू एसटीनं परत जाशील. तुझ्या आईशी मी बोलून ठेवलंय.